पिंजण

केदारखेड्याच्या आमच्या आळीतून एखादी मुलगी शिकायला बाहेर गेली, तर लोक विचारतात, नर्सिंगला की डी.एड.ला? आमची थोरली गेली मुंबईच्या एका म्युझियममध्ये, तीन महिने इंटर्नशिपला. हा शब्द नीट उच्चारता येईपर्यंतच आमचा आठवडा गेला.

घरात पहिला सवाल दादीने केला, "बुतखाने में छोरी क्या करेगी?" दुसरा आम्ही केला, पगार किती? पगार नव्हताच. जाण्यायेण्याचा खर्च मिळेल असे पत्रात होते, तोही शेवटपर्यंत आला नाही. त्या संस्थेचे नाव इथे घेत नाही. दोन शेळ्या विकल्या आणि कुर्ल्याला खाला होती म्हणून निभावले. जिची कुर्ल्याला खाला नाही तिने काय करावे? बिनपगारी शिकणे हे ज्याच्या घरात वर्षाचे धान्य आहे त्यालाच परवडते. मग म्युझियममध्ये बोलणारी माणसे एकाच थरातली निघाली, तर नवल कसले?

काम काय, हे ती फोनवर सांगायची. मूर्ती पुसायच्या नसतात, तिकिटे फाडायची नसतात. शाळेची पोरे आली की त्यांना एका वस्तूपुढे बसवायचे आणि विचारायचे, "काय दिसते?" उत्तराची घाई करायची नाही. रविवारी आईबाप मुलांना घेऊन येतात, त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरवायचे, सतरंज्या घालायच्या, आणि संपल्यावर लोक काय म्हणाले ते लिहून ठेवायचे.

एकदा विष्णूच्या मूर्तीविषयी ती सांगत होती. ऐकून झाल्यावर एका गृहस्थांनी तिचे नाव विचारले. नाव ऐकून म्हणाले, "तुम्हाला हे कसे माहीत?" ती म्हणाली, "वाचून." गृहस्थ हसले, पुढच्या दालनात गेले. त्या रात्री फोनवर ती बराच वेळ बोलली नाही. आम्हाला वाटले, परत बोलवावे. पण मग ध्यानात आले, दादीचा सवाल आणि त्या गृहस्थांचा सवाल एकच आहे. दोघांनाही ती तिथे नको होती.

तिला भेटायला गेलो तेव्हा तिने आम्हाला सुट्टीच्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवले. १९२२ साली लोकांसाठी उघडलेली ही इमारत. तिच्या रचनेवर विजापूरच्या गोल घुमटाची छाप आहे, हे आम्हाला पोरीने सांगितले. आत अकबराच्या काळातल्या 'अन्वार-ए-सुहैली'ची चित्रे आहेत. पंचतंत्रातल्या गोष्टी फारसीत गेल्या आणि मोगल दरबारात रंगल्या. इतकी वर्षे आम्ही समजत होतो, म्युझियम म्हणजे दुसऱ्यांचे घर.

मग तिने आम्हाला आमच्याच उंबऱ्यावर आणून सोडले. पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली एक हस्तिदंती बाई सापडली. इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडलेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि आपल्या भोकरदनला, नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या १९७३ च्या उत्खननात, तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती निघाली, तुटलेली. हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथल्या लोकांची नावे कोरलेली आहेत. आम्ही दर आठवड्याला भोकरदनला जातो. बाजार करतो, तहसीलला खेटे घालतो. कुणी कधी सांगितले नाही, आम्हीही कधी विचारले नाही.

शेवटच्या आठवड्यात सगळ्या इंटर्नना घरची एक वस्तू आणून तिच्याविषयी बोलायला सांगितले. इतरांनी काय आणले ते ठाऊक नाही. हिने आमच्याकडून दादाजींचे पिंजण मागवले. आम्ही पिंजारी. गाद्या कारखान्यातून येऊ लागल्यापासून ते माळ्यावर धूळ खात होते, तात तुटलेली. एस.टी.च्या टपावर बांधून मुंबईला नेताना आम्हाला शरम वाटत होती. तिथे पोरांनी ते हात लावून पाहिले. एकाने विचारले, यातून गाणे निघते का?

पिंजण आता ओसरीवर आहे. थोरलीने नवी तात लावून घेतली. गेल्या सुट्टीत तिने आळीतली पोरे जमवली, सगळ्या जातींची, आणि त्यांना विचारले, "काय दिसते?" कुणी धनुष्य म्हणाले, कुणी वीणा. कापूस कसा पिंजतात, हे मात्र तिला दाखवता येईना. तेव्हा बाजेवरून दादी उठली. "हट," म्हणाली, "ऐसा नई पकडते." आणि तिने तात छेडली.