‘सर्वाधिक संभाव्य निदान कोणते?’ या प्रश्नास अनावृत पत्र

प्रिय प्रश्ना,

‘३२ वर्षांचा शेतकरी. पाच दिवस ताप, डोकेदुखी, काखेत काळी खपली.’ एवढं वाचलं की पोरांचा हात आपोआप स्क्रब टायफसवर जातो. नीट-पीजीत तुझ्यासारखे २०० प्रश्न, वेळ साडेतीन तास, चुकलं की एक गुण वजा. तिथे रेंगाळून चालत नाही, मान्य.

गोव्यातल्या डिचोलीच्या ओपीडीत मात्र खपली कुणी सांगत नाही. ‘जोर येता, आंग दुखता’, संपलं. सदरा काढायला लावून काख, जांघ, कमरेचा पट्टा बघावा तेव्हा कुठे ती सापडते. गर्दीत, त्यातून रुग्ण बाई असेल आणि सोबत नर्स नसेल, तर बघणंच राहून जातं. सगळी मेहनत तिथेच आहे आणि तू ती आयती हातावर ठेवतोस. माझी खरी तक्रार ही.

शिवाय तू व्यवसाय सांगतोस, पण महिना आणि गाव गाळतोस. पेडण्यात मिरगानंतर लावणीच्या चिखलात राबणाऱ्याचा ताप वेगळा, मार्चमध्ये काजूची बोंडं वेचणाऱ्याचा वेगळा. पहिल्याच्या पोटऱ्या दाबून बघाव्यात, डोळे लाल आहेत का पाहावं; लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. दुसऱ्याला बागेत मेलेलं माकड दिसलं का, हे विचारायला हवं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीतून पसरणारा माकडताप २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आढळला, पुढच्या वर्षी दोडामार्गातल्या केरमध्ये. सत्तरी डिचोलीला लागून, दोडामार्ग तर डिचोली आणि पेडणे दोन्हींना.

उपचारातही तुझा क्रम ठरलेला: आधी निदान, मग औषध. इथे पुष्कळदा उलटं होतं. स्क्रब टायफस आणि सौम्य लेप्टो या दोन्हींवर डॉक्सिसायक्लीन चालते, त्यामुळे रक्ताचा अहवाल यायच्या आत ती सुरू करणारा डॉक्टर अडाणी नसतो. माकडतापावर खास औषधच नाही. शरीरातलं पाणी सांभाळायचं, प्लेटलेट आणि रक्तस्राव यांवर नजर ठेवायची, आणि ताप उतरला तरी रुग्णाला विसरायचं नाही. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, मेंदूची लक्षणं घेऊन. ‘परवा परत बोलवा’ किंवा ‘आत्ताच बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात पाठवा’ असे पर्याय तुझ्या चारांत क्वचितच असतात.

तू निरुपयोगी आहेस असं नाही. ती खपली कुठे शोधायची हे पोरांच्या डोक्यात तूच भरलंस. पण गोव्यात वैद्यकी १८४२ पासून शिकवली जाते. त्या मानाने तू कालचा. थोडं ऐकून घे.

पुढच्या वर्षी पेडण्यातली एक केस घाल. महिना एप्रिल, ताप चार दिवस, प्लेटलेट कमी, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. निदान विचारू नकोस. रुग्णाला अजून काय विचाराल, तेवढं विचार.

तुझा,
डिचोलीचा एक डॉक्टर