गोळी आणि गवत

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तीस वर्षं काढलेल्या माणसाला पाच गुंठे जमीन मिळाली, की तो आधी गवताच्या मागं लागतो. शहापूर-मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या अलीकडे आम्ही प्लॉट घेतला आणि सौ.नी जाहीर केलं, "मला लॉन हवं!" वास्तविक त्या मुलखात गवत काढता काढता लोकांच्या पाठी मोडतात. आम्ही ते विकत आणलं, चौरस फुटाच्या भावानं.

फेब्रुवारीत लॉन पिवळं पडलं. मी मूठमूठ युरिया फेकला, तर गजकर्णासारखे चट्टे उठले. कॅनडातल्या मेहुण्यानं फोनवर सांगितलं, "वसंत लागताच सावकाश विरघळणारं खत घाला." त्यांचा वसंत बर्फ वितळवत येतो, आमचा विहिरीचा तळ दाखवत येतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेजारच्या दादांना विचारलं. "असलं खत हाय की आपल्याकडं, सायेब!" त्यांनी पिशवीतून पांढऱ्या गोळ्या काढल्या. युरिया-डीएपीची ब्रिकेट, वजन 2.7 ग्रॅम. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या चार चुडांमध्ये एक गोळी, लावणीच्याच दिवशी, चार बोटं खोल खुपसायची. वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो नाहीतर हवेत उडतो. चिखलातली गोळी मुळांना कित्येक आठवडे थोडं थोडं पुरवते. गुंठ्याला साधारण सव्वासहाशे गोळ्या लागतात. मी लॉनमध्ये पन्नास खुपसल्या आणि कंबरेसाठी स्वतः दोन घेतल्या.

पंधरा दिवसांनी पाहतो, तर लॉन जसंच्या तसं पिवळं! दादा हसले. "गोळीला चिखल लागतो, सायेब. कोरड्यात ती काय करील?"

मी बोअर चालू करून लॉनवर पाइप सोडला. तेवढ्यात डोक्यावर रिकामे हंडे घेऊन वहिनी आल्या. विहीर आटली होती. भातसा, तानसा ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. वहिनींनी लॉनकडे पाहिलं. "एवढं पानी पाजताय, कुनाची गुरं चरतात हितं?"

उत्तर सौ.कडेही नव्हतं. तिनंच पाइप उचलून हंड्यात धरला.

होळीपर्यंत लॉनचा पेंढा झाला. तो दादांच्या बैलांनी हुंगून सोडून दिला. आता आषाढात तिथं बांध घालून भात लावायचा बेत आहे. पाच गुंठ्यांतला दीड गुंठा, म्हणजे साडेनऊशे गोळ्या. कंबरेच्या वेगळ्या.