तुझं अक्षर छान आहे!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत मी सिस्टरांच्या शाळेत ‘मे आय कम इन, मिस’ म्हणत वाढले. शाळेच्या आवारात मराठी बोललं की एका शब्दाला एक रुपया दंड! डब्याच्या सुट्टीत तर माझी रोज दिवाळखोरी व्हायची. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ कायमचा. हा लेख मात्र एका खास व्यक्तीने तपासून दिला आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

तर लेखाचा विषय आहे माझी वही. कॉलेजच्या स्टोअरमधून घेतलेली, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

ही वही सेकंड इयरला वर्कशॉपमध्ये सुरू झाली. मी मेकॅनिकलची. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, तरी आमच्या साठ जणांच्या वर्गात आम्ही मुली सात. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये चार जणांचा ग्रुप, त्यात मुलगी एकटी मीच. पहिल्याच दिवशी लेथसमोर उभे राहिलो आणि ग्रुपमधल्या एकाने अगदी प्रेमाने पॅड-पेन माझ्या हातात दिलं. म्हणाला, “तू रीडिंग्ज लिही. तुझं अक्षर छान आहे!”

आता यात रागावण्यासारखं काय आहे? काहीच नाही! उलट मला बरंच वाटलं. सिस्टरांनी चार रेघी वहीत गिरवून घेतलेलं अक्षर शेवटी इंजिनिअरिंगला कामी आलं म्हणायचं. मी लिहिलं. पुढच्या आठवड्यातही लिहिलं. त्याच्या पुढच्याही. महिन्याभराने व्हायवाला सरांनी विचारलं, “टेपर टर्निंग करताना कंपाउंड रेस्ट कसा फिरवलास?” मी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. सर म्हणाले, “उत्तर बरोबर आहे. पण तू फिरवलास का?”

मी गप्प.

त्या रात्री मेसमधून आल्यावर वही काढली. काय लिहावं सुचेना, म्हणून सवयीने प्रॅक्टिकल जर्नलसारखंच लिहायला घेतलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. उद्देश : लेथला हात कोण लावतं ते पाहणे. साहित्य : एक वही, एक पेन. मग रोज रात्री तक्ता भरायला लागले. सेमिस्टर संपलं तेव्हा बेरीज केली. एकूण ११ प्रॅक्टिकल्स. त्यातल्या ९ वेळा मी लिहिलं, एकदा मी गैरहजर होते आणि एकदा लाइट गेले होते!

तक्ता पाहून मला हसू आलं. मग हसू थांबलं. कुणी मला ‘मशीनला हात लावू नकोस’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. सगळं गोडीत झालं होतं, आणि गोडीत झालेल्या गोष्टीविरुद्ध तक्रार तरी कुणाकडे करायची?

सुरुवातीला मी वही इंग्रजीत लिहीत होते. तीच माझी सोयीची भाषा. पण एक गंमत लक्षात आली. मामी म्हणाली होती, “मुलीच्या जातीला मेकॅनिकल कशाला गं?” ते मी लिहिलं, ‘व्हाय मेकॅनिकल फॉर अ गर्ल’. वाचून पाहिलं तर अगदी सभ्य, एखाद्या मुलाखतीतला प्रश्न वाटावा तसं. ‘मुलीच्या जातीला’ या दोन शब्दांत जो टोला आहे तो इंग्रजीत उतरतच नव्हता. मला लागलेलं सगळं मराठीत लागलं होतं. मग ते मराठीतच लिहिणं भाग पडलं. आता एक रुपया दंड भरायचा तरी कुणाला?

मराठी सुधारावं म्हणून आपल्या लायब्ररीत थर्मोडायनॅमिक्सच्या मागच्या बाजूला जे मराठीचं कपाट आहे, तिथे जायला लागले. (तिथे गर्दी नसते. झोपायलाही जागा उत्तम आहे.) तिथे लायब्ररीच्या काकांनी एक छोटंसं पुस्तक हातात ठेवलं. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. ताराबाई बुलढाण्याच्या. पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलेलं. आदल्या वर्षी सुरतला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच नावाने जे बोटं मोडणं चाललं होतं, त्यावर ताराबाई भडकल्या. जे दोष तुम्ही बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का, एवढा साधा प्रश्न त्यांनी धरला आणि एकेक दोष घेऊन तुलना मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सॅम्पल्सवर एकच टेस्ट लावली! तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, पण महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. नंतर मात्र हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. म्हणजे जवळजवळ ९३ वर्षं! ताराबाईंचं दुसरं पुस्तक तर नाहीच.

हे वाचून माझ्या वहीचा मला फार अभिमान वाटायला लागला. खोटं कशाला बोलू, थोडी हवाच शिरली डोक्यात. रूममेट म्हणाली, “तू फेमिनिस्ट वगैरे झालीस की काय?” तिचा चेहरा असा होता की जणू मला कावीळ झाली आहे. मी म्हटलं, “मी फक्त मोजते आहे.”

आणि मी मोजत सुटले. बसमध्ये आमच्या सीटवर किती जण अर्धी सीट जास्त घेऊन बसतात. मेकॅनिकल घेतल्याचं सांगितल्यावर किती जण ‘अरे वा’ म्हणतात आणि किती जण ‘अरे बापरे’. २०२४ साली सरकारने ठरावीक प्रवर्गांतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. त्यानंतर ‘तुमची काय मजा आहे बुवा’ हे वाक्य एका महिन्यात किती वेळा ऐकलं. (सतरा.) आणि अर्थात हॉस्टेलचं गेट. मुलींचं गेट रात्री नऊला बंद, आणि रीडिंग हॉल अकरापर्यंत उघडा. परीक्षेच्या दिवसांत पावणेनऊला मुली पुस्तकं आवरून धावत सुटतात आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर मुलांच्या बॅगा येऊन बसतात. रोज सव्वादोन तास. तीस दिवसांचे झाले साडेसदुसष्ट तास. एवढ्यात एक अख्खा विषय होतो हो!

रेक्टर मॅडम, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. तुमचं म्हणणंही वहीत लिहिलेलं आहे. मी विचारायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, “हॉल ते हॉस्टेल रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद असतात, आणि उशीर झाला की तुमच्या घरचे फोन तुम्हाला नाही, मला येतात.” हे मी निरीक्षणाच्या रकान्यातच लिहिलं. मला वाटलं, कुलूप गेटला नाही, त्या बंद दिव्यांना लागायला हवं होतं. पण दिवे काही तुमच्या हातात नाहीत.

आता खास व्यक्तीची गोष्ट.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घरी घेऊन गेले. तिथेही तक्ता चालू होताच. ‘घरात चहा कोण करतं, कोण मागतं.’ चौथ्या दिवशी बेरीज केली तर मागणाऱ्यांत सगळ्यात वर नाव माझं! बाबा आणि दादासुद्धा माझ्या मागे. मी तो तक्ता घाईघाईने बंद केला. अपुरा डेटा म्हणून.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आले, वही उघडली आणि दचकले. पानोपानी लाल शाई. वही मी घरी जेवणाच्या टेबलावर विसरत होते, ती आईने वाचली होती. आणि नुसती वाचली नव्हती, तपासली होती! आई संध्याकाळी घरी चौदा मुलांची शिकवणी घेते. लाल पेन तिच्या हाताला चिकटलेलंच असतं. ‘निरिक्षण’ दिसेल तिथे तिने ‘री’ दीर्घ करून ठेवला होता. ‘स्त्रि’चं ‘स्त्री’ केलं होतं. त्यावर मार्क मात्र दिले नव्हते.

एका पानावर मी लिहिलं होतं, ‘बाबा ऑफिसला जातात, आई घरीच असते.’ त्याच्याखाली लाल रेघ होती. मी ते वाक्य दहा वेळा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. मग एकदम लक्षात आलं. माझ्या हॉस्टेलचं डिपॉझिट त्या चौदा मुलांच्या फीमधून भरलं होतं. आणि अॅडमिशनच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’ असं माझ्याच छान अक्षरात मी लिहिलं होतं. सगळ्यांची मापं काढत होते मी, पण माझ्या मोजपट्टीतच झिरो एरर होता.

शेवटच्या पानावर आईने चार ओळी लिहिल्या होत्या. तिला विचारून इथे देते आहे :

‘१९९१ साली मला दहावीला ७१ टक्के पडले. तंत्रनिकेतनला नंबर लागला होता. पण तिथे मुलींचं वसतिगृह नव्हतं. तुझे आजोबा म्हणाले, वसतिगृह असतं तर पाठवली असती. खरंच पाठवली असती का, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या गेटला नऊ वाजता कुलूप लागतं हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. पण गेट आहे, हेही निरीक्षणात यायला पाहिजे.’

हे तिने मला वीस वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. त्या रात्री मी वहीत काही लिहिलं नाही. कॉरिडॉरमध्ये जाऊन तिला फोन केला. म्हटलं, “आई, कोणती ब्रँच होती?” ती जरा थांबून म्हणाली, “मेकॅनिकलच. म्हणून तर तू घेतलीस तेव्हा मी काही बोलले नाही.”

मग मी काय केलं? क्रांती वगैरे काही नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला पॅड-पेन समोर आलं तेव्हा म्हटलं, “आज तू लिही ना, मी मशीन चालवते.” तो म्हणाला, “माझं अक्षर घाण आहे.” मी म्हटलं, “मलाही लेथ येत नाही. दोघं शिकू.” पहिल्याच कटला मी डेप्थ जास्त दिली आणि टूलचं टोक उडालं. वर्कशॉपचे सर मुलांवर जसे ओरडतात तसेच माझ्यावर ओरडले. खरं सांगते, इतकं बरं वाटलं! नंतर चहा पिताना तोच मित्र हळूच म्हणाला, “पहिल्या दिवशी मलाही भीती वाटली होती गं मशीनची. पण आम्हाला तसं म्हणता येत नाही.” तेही वहीत आहे.

आणि गेटचं म्हणाल तर आम्ही बेचाळीस मुलींनी सह्यांचा अर्ज केला. त्यात आधी रस्त्यावरचे दिवे मागितले आणि मग वेळ. मॅडमनी परीक्षेच्या महिन्यापुरती साडेदहाची परवानगी दिली, पालकांचं संमतिपत्र आणण्याच्या अटीवर. दोन दिवे लागले, बाकीचे लागायचे आहेत. संमतिपत्राच्या छापील फॉर्मवर तळाला होतं, ‘वडिलांची सही’. माझा फॉर्म घरून आला तेव्हा ‘वडिलांची’ हा शब्द लाल पेनाने नीट खोडून वर ‘आईची’ असं लिहिलेलं होतं. खाली तिची सही.

मला ए. ललिता आठवल्या. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात लहानगी मुलगी असलेल्या ललिता १९४० साली मद्रासच्या गिंडी कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअर्सपैकी एक झाल्या. तिथल्या पदवीच्या छापील कागदावर ‘ही’ असायचं. ते खोडून हाताने ‘शी’ करावं लागलं होतं, असं सांगतात. एका अक्षराची दुरुस्ती. पण ती करायला कुणीतरी तिथवर पोचावं लागतं.

असो. फार लांबलं. मित्रमैत्रिणींनो, एक वही घ्या. मुलग्यांनीही घ्या. भाषण लिहू नका, फक्त रोज रात्री एक ओळ लिहा, आज काय पाहिलं त्याची. निष्कर्षाची घाई करू नका. आणि जमलं तर वही सुट्टीत घरी जेवणाच्या टेबलावर विसरा.

माझी दोनशे पानं संपत आली आहेत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहून ठेवली आहे. ‘आईचा व्यवसाय : शिक्षिका.’ ऱ्हस्व-दीर्घ तिच्याकडूनच तपासून घेतलं आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी