एक लग्न, सात निरोप

लग्न ठरवायला दोन घरं लागतात, पण ठरलेल्या लग्नाची तारीख बदलायला एकच आत्याबाई पुरते. हा सिद्धान्त मी गेवराईत राहून मांडला असला तरी तो तालुक्याबाहेरही खरा ठरेल, अशी माझी खात्री आहे. सोमवारचा मुहूर्त बुधवारवर जातो, बुधवारचा पुन्हा सोमवारवर येतो आणि गोरज गोरज म्हणता अक्षता पडतात भर दुपारी साडेबाराला!

पूर्वी तारीख बदलली की घरातला एखादा रिकामटेकडा मेहुणा सायकल काढी, बँडवाल्याला आणि आचाऱ्याला सांगून येई, येताना स्टँडवर चहा पिई. मेहुणा आळशी असे, पण त्या आळसात एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेलं तो पुन्हा सांगायला जात नसे. आमच्या तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ साली पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या विजयाची बातमी जासुदाने पुण्याला सात वेळा नेली असती, तर इतिहासाच्या पुस्तकात सात लढाया आल्या असत्या आणि आम्ही शाळेत सातही सनावळ्यांत नापास झालो असतो.

आता मेहुण्याची जागा यंत्राने घेतली आहे. माझ्या भाच्याने एका मंगल कार्यालयासाठी असा एक निरोप्या बसवून दिला. कार्यालयाच्या कॅलेंडरात लग्न टाकलं की मंडपवाला, आचारी, बँड आणि यादीतले पाहुणे, सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप संदेश! कॅलेंडरात काही बदललं की पुन्हा संदेश.

"मामा, आता माणसाचं कामच नाही," भाचा म्हणाला.

माणसाचं काम दुसऱ्याच दिवशी निघालं. कुणीतरी नवरीच्या आडनावातला एक काना दुरुस्त केला. निरोप्याला काना आणि मुहूर्त यांतला फरक कळत नव्हता. बदल झाला ना? मग धाडा निरोप! शिवाय हा निरोपे महाशय काम झाल्यावर त्याच कॅलेंडरात 'संदेश पाठवला' अशी नोंद करत. ती नोंद म्हणजेही एक बदलच. म्हणजे स्वतःच कडी वाजवायची आणि स्वतःच 'कोण आहे?' म्हणून दार उघडायला धावायचं! सातव्या संदेशाला भाच्याने बटण बंद केलं. तोवर आचाऱ्याचा फोन आला होता, "आवो, पाचशे पानं सांगितली होती. सात येळा पाचशे म्हंजे साडेतीन हजार झाले की! लग्न हाय का जत्रा?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण यादीत नवरीचे एक मामा होते. ते जोडीने ऊसतोडीला गेलेले. आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास कुलूपबंद होतात आणि कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं तर त्याला खाडा म्हणतात, आणि त्याची किंमत मोजावी लागते. लग्नाची तारीख चार दिवस पुढे गेली तेव्हा निरोप्याने नवी आठवण लावली, पण जुनी काढलीच नाही. 'उद्या लग्न' हा संदेश आधी जुन्या तारखेला गेला. मामा-मामी रात्रभर प्रवास करून पहाटे गेवराईच्या फाट्यावर उतरले. कार्यालयाला कुलूप. तसेच परत गेले, आणि चार दिवसांनी पुन्हा आले. जोडीचे दोन वेळचे खाडे!

मामा कुणाला एक शब्द बोलले नाहीत. भाच्याने माफी मागितली तर उलट तेच ओशाळले. "निरोप आला म्हनून आलो. निरोपाला न्हाई कसं म्हनावं?"

त्या रात्री भाचा जेवला नाही. पहाटेपर्यंत त्याने निरोप्याला नव्याने शिकवलं. प्रत्येक लग्नाला एक कायमचा क्रमांक; नाव बदलो, तारीख बदलो, क्रमांक तोच. कुणाला काय कळवलं, याची एक वेगळी वही. कॅलेंडर हललं की आधी वही बघायची. दिवस, वेळ, जागा यांतलं काही बदललं असेल तरच तोंड उघडायचं. स्वतःच्या अक्षरातली नोंद दिसली तर गप्प बसायचं. नवी आठवण लावण्याआधी जुनी फाडायची. आणि बदल झाल्यावर लगेच न धावता थोडा वेळ थांबायचं, म्हणजे आत्याबाईंचं मन एका जागी येतं! कॅलेंडरांच्या जागतिक नियमावलीतही म्हणे प्रत्येक कार्यक्रमाला असा न बदलणारा क्रमांक आणि 'ही कितवी दुरुस्ती' सांगणारा आकडा असतोच. फक्त तो बघावा लागतो.

मी त्याला म्हटलं, "बाबा रे, हे आपल्या पंचांगवाल्यांनी कधीच करून ठेवलंय." २०२३ साली श्रावण दोनदा आला. म्हणून कुणी दोनदा राखी बांधून दोनदा ओवाळणी मागितली का? अधिक श्रावणाने नुसती हजेरी लावली, राखी निज श्रावणातच बांधली. २०२६ च्या पंचांगात ज्येष्ठ दोन, पण वडाला दोरा एकदाच गुंडाळायचा, तोही निज ज्येष्ठात. नाहीतर एकाच वर्षी चौदा जन्मांचं बुकिंग होऊन नवरेमंडळी हवालदिल झाली असती! तिकडे अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात आणि रात्रीचा एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या तासाचं नाव अधिक तास ठेवलं असतं, तर दीडच्या ठोक्याला लावलेली कामं दोनदा होण्याची भीतीच उरली नसती.

नवा निरोप्या आता शहाण्यासारखा वागतो. मामांचे खाडे कार्यालयाच्या मालकाने भरून दिले. मामा घेत नव्हते, आहेराच्या पाकिटात घालून द्यावे लागले. एवढं सगळं झालं. उरल्या आत्याबाई. त्यांना क्रमांक कुठे चिकटवायचा, हे मात्र भाचा अजून शोधतो आहे.