बूस्ट गेला कुठे?

बूस्ट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? दुधात घालायची चॉकलेटी पावडर आणि जाहिरातीतला सचिन, बरोबर? माझंही तसंच होतं. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी डेट्रॉइटजवळ आतेभावाकडे पंधरा दिवस राहायला गेले आणि या शब्दाचा अर्थच बदलला. तिथे बूस्ट पीएसआयमध्ये मोजतात. आणि तो कमी झाला की अख्ख्या घराचं वातावरण टाइट होतं!

दादा मूळचा चिंचवडचा. गाड्यांचं वेड लहानपणापासूनच. अमेरिकेत सेटल झाल्यावर त्याने एकच चैन केली. सेकंडहँड शेल्बी जीटी ५००, २००७ चं मॉडेल. ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ५०० हॉर्सपॉवर. हे इंजिन मिशिगनमधल्याच रोमिओ गावात दोन-दोन कामगारांच्या जोडीने हाताने जुळवलं जायचं आणि त्या दोघांच्या सह्यांची पट्टी इंजिनावर लागायची. दादा ती पट्टी पाहुण्यांना देवघर दाखवावं तशी दाखवतो.

प्रॉब्लेम असा होता की मे महिन्यात दादाचा जॉब गेला होता. घराचे हप्ते, मुलीची फी... वहिनीने स्पष्ट सांगितलं होतं, ‘गाडी काढायची.’ दादाही तयार होता. पण नेमकं तेव्हाच गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, पण दम गेला. डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा फुल थ्रॉटलला आठ-नऊ पीएसआय दाखवायचा, तो पाचाशी येऊन लटकायला लागला. एका वर्कशॉपने गाडी बघून निकाल दिला, ‘सुपरचार्जरचे रोटर गेलेत. पूर्ण युनिट बदला. साडेचार हजार डॉलर.’ आणि हे कळल्यावर गाडी बघायला आलेल्या माणसाने भाव एकदम पाडला.

दादाने वर्कशॉपला एकच प्रश्न विचारला, ‘कुठली टेस्ट करून ठरवलंत?’ उत्तर आलं, ‘अनुभव आहे.’ दादा गाडी घेऊन घरी आला!

आता थोडा फंडा क्लिअर करू. इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच बेल्टवर फिरणारा पंप, तो हवा कोंबून आत पाठवतो. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या धुरावर, सुपरचार्जर बेल्टवर, एवढाच मोठा फरक. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १४.७ पीएसआय. त्यावर नऊ पीएसआय म्हणजे दाब साठेक टक्क्यांनी वाढला. दादाच्या गाडीत आहे तो रूट्स प्रकारचा पंप. इंडियानामधल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा तो लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायचा. मोटारगाडी तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

शनिवारी सकाळी दादाने गॅरेजमध्ये कागदावर यादी लिहिली. बूस्ट कमी दिसण्याची कारणं, स्वस्तापासून महागापर्यंत. एक, काटाच खोटं बोलतोय. दोन, बेल्ट घसरतोय. तीन, बायपास व्हॉल्व्ह उघडा राहतोय. चार, हवा कुठूनतरी गळतेय. पाच, एअर फिल्टर तुंबलाय. आणि सगळ्यात शेवटी, रोटर गेलेत. ‘त्या लोकांनी शेवटच्या पानावरून पुस्तक वाचायला घेतलं,’ दादा म्हणाला.

आधी काटा. दुकानातून साधा मेकॅनिकल गेज आणून त्याने पाइपला जोडला. माझं काम रिपोर्टरचं. शेजारी बसून आकडे वहीत टिपायचे. फ्रीवेला चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, सत्तर मैलांच्या मर्यादेत, फुल थ्रॉटल. माझं पोट पाठीला चिकटलं, पण आकडे टिपले! ३००० आरपीएमला आठ, ४००० ला सात, ५००० ला पाच. दोन्ही गेज सारखेच. म्हणजे काटा खरं बोलत होता.

दादाने वही बघितली आणि पहिल्यांदाच हसला. कारण खरी गोष्ट त्या उतारात होती. बायपास उघडा असता किंवा मोठी गळती असती, तर बूस्ट सुरुवातीपासूनच कमी मिळाला असता. रोटर झिजले असते तर कमी आरपीएमला जास्त मार बसला असता, कारण हळू फिरताना फटींतून हवा मागे सटकायला जास्त वेळ मिळतो. इथे उलटं होतं. सुरुवात ठीक आणि वेग वाढला की घसरण. वेगासोबत पंप फिरवायला लागणारा जोर वाढतो आणि बेल्टची पकड सुटते. लोकलमध्ये गर्दी वाढली की दांड्यावरचा हात सुटतो ना, तसं.

तरीही त्याने बाकीची यादी सोडली नाही. फिल्टर स्वच्छ होता. बायपासची दांडी हाताने हलवून बघितली, मोकळी होती. शेजाऱ्याकडून धुराचं मशीन आणून हवेच्या वाटेत धूर सोडला, तो कुठूनही बाहेर आला नाही. इंजिन गार झाल्यावर बेल्ट काढून सुपरचार्जरची पुली हाताने फिरवली. गुळगुळीत, ना खडखड ना खेळ. आणि बेल्ट? आतली बाजू आरशासारखी चकचकीत झालेली, पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी. बेल्टला ताण देणारा टेन्शनर तर इतका ढिला की मलाही एका हाताने ढकलता आला असता.

इतक्या वर्षांनी रबर आणि स्प्रिंग थकणारच. नवा बेल्ट, नवा टेन्शनर, खर्च दोनशे डॉलरच्या आसपास. रविवारी पुन्हा तोच रस्ता, तीच वही. ३००० ला आठ, ४००० ला साडेआठ, ५००० ला साडेआठ.

मला वाटलं, आता दादा गाडी ठेवणार. पण नाही. ‘हप्ते बेल्टवर चालत नाहीत गं,’ म्हणाला. पुढच्याच आठवड्यात पूर्ण भावाने गाडी विकली. घेणाऱ्याला त्याने वहीतली दोन्ही पानं दिली, आधीचं आणि नंतरचं. वहिनीने विचारलं, ‘आधीचं कशाला दाखवायचं?’ दादाचं उत्तर होतं, ‘काय बिघडलं होतं ते कळलं, तरच काय दुरुस्त केलं ते पटतं.’ गाडी वळणाआड गेल्यावरही तो बराच वेळ ड्राइव्हवेत उभा होता. आम्ही कोणी हाक मारली नाही.

एक गोष्ट मात्र त्याने जाता जाता सांगितली, ती माझ्या डोक्यात बसलीय. बूस्टचा काटा ताकद दाखवत नाही. इंजिनाला गिळता न आल्यामुळे साचलेल्या हवेचा दाब दाखवतो. त्याच इंजिनाला मोकळा श्वास घेणारे हेड बसवले, तर बूस्ट कमी होतो आणि ताकद वाढते! म्हणजे एकच आकडा, कधी आजार सांगतो, कधी तब्येत. नुसता आकडा बघून निकाल देणारे वर्कशॉपमध्येही असतात आणि आपल्या अप्रेझल मीटिंगमध्येही.

त्या दिवसांत दादा इंटरव्ह्यू देत होता. ‘गॅप का आहे?’ हा प्रश्न सगळीकडे यायचा आणि दर वेळी तो थोडा खचायचा. गाडी विकल्यावर त्याने स्वतःसाठीही एक यादी केली. रेझ्युमे, ओळखी, शहर बदलण्याची तयारी... स्वस्तापासून महागापर्यंत. ‘मीच संपलोय’ ही ओळ त्याने सगळ्यात शेवटी लिहिली होती. ऑक्टोबरमध्ये जॉब लागला, तेव्हा तो तिसऱ्या ओळीवर होता.