वैनगंगेकाठचे बालाघाट

वैनगंगेच्या तीरावरील बालाघाट हे आमचे फार आवडते शहर. भरवेलीच्या खाणीतील मँगनीज व सुवासिक चिन्नोर तांदूळ ही त्याची ख्याती. गोंदियाहून येणारी चिमुकली गाडी इतिहासजमा झाली. आता रुंद रुळांवरून मोठी गाडी धावते. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिले. परवा बाजारात तांदूळ मापणारी एक आजी गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलत होती. आम्हांस पाहताच ती मराठीत म्हणाली, “या, बसा फादर!” तिच्या नातवास आम्ही नाव विचारले, तेव्हा त्याने हिंदीत उत्तर दिले. आजी क्षणभर गप्प झाली. पालकहो, रात्री जेवताना तरी मुलांशी मराठीत बोलत जा. आजीची भाषा नातवापर्यंत पोहोचविणे आपल्याच हाती आहे.