आमच्या घरी पाहुणे आले

राखीपौर्णिमेला लातूरची आत्या आणि माझा आतेभाऊ आमच्या घरी इस्लापूरला आले. आईने पुरणपोळी केली. जेवताना आतेभाऊ म्हणाला, "तुमच्या गावात बघायला काय हाय?" मी गप्पच बसलो. मला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने नांदेडला गेलो. डोक्याला रुमाल बांधून सचखंड गुरुद्वारा पाहिला. तो महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधला. लंगरमध्ये सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवलो. कोणी पैसे मागितले नाहीत. पाहुणा कोण, घरचा कोण, कळतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाबांनी आम्हांला जवळच्या सहस्रकुंडला नेले. लांबूनच आवाज येत होता. पैनगंगा काळ्या खडकांवरून धाडधाड उड्या मारत होती. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. आतेभाऊ काही बोलेचना. आत्या म्हणाली, "२०१६ साली लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं आणलं. हा तवा कडेवर होता."

आतेभाऊने विचारले, "मामा, एवढं पाणी रोज असतं?"

बाबा म्हणाले, "नाही रे. उन्हाळ्यात इथंबी धार बारीक होते."

निघताना आतेभाऊने बाटलीत पैनगंगेचे पाणी भरून घेतले. तेव्हापासून मी घरी पाणी सांडत नाही. आणि आता कोणी विचारले, तुमच्या गावात काय आहे, तर मी गप्प बसणार नाही.

– इयत्ता चौथी